निरी आणि टाका
किल्टच्या ‘प्लीट’ला मराठीत ‘निरी’ लिहिताना मी अडखळते. निरी रोज घालायची, रोज मोडायची. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला जुना किल्ट तसाच होता : लांब लोकरी कापड, हाताने चुणलेले, पट्ट्याने आवळलेले, रात्री तेच पांघरूण. १७४६च्या कायद्याने हा वेश बंद झाला, सैनिकांना तेवढी सूट. १७८२मध्ये बंदी उठली. शतक सरताना निऱ्या कायमच्या शिवल्या जाऊ लागल्या. टाके कमरेपासून नितंबांपर्यंतच. वर घडी निमुळती, म्हणून कापड अंगाला नेमके बसते. खाली ती मोकळी, म्हणून पाऊल पडताच घेर उघडतो, थांबताच मिटतो. चाल राखली, पांघरूण गेले. कापड एकाच देहाच्या मापाचे झाले. म्हणून जुन्या किल्टला मी ‘निरी’ ठेवते, शिवलेल्याला ‘चुणी’.