'ते' जाईल की जातील?

अमेरिकेच्या ज्या राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द मुदतीपूर्वीच संपली, त्यांचा इतिहास सांगताना मारेकऱ्यांची आणि कटांची चर्चा सहसा अधिक होते. आम्हांला येथे एका सर्वनामाकडे लक्ष वेधायचे आहे.

अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष पदच्युत झाला, मरण पावला, त्याने राजीनामा दिला किंवा पदाचे अधिकार व कर्तव्ये पार पाडण्यास तो असमर्थ ठरला, तर 'द सेम' उपराष्ट्राध्यक्षाकडे जावयाचे असते. 'द सेम' म्हणजे काय? पद, की पदाचे अधिकार? मराठीतले 'ते' दोन्हींना चालते. मात्र आपले क्रियापद गुपित फोडते. पद असेल तर ते 'जाईल', अधिकार असतील तर ते 'जातील'. इंग्रजी क्रियापद येथे वचन दाखवत नाही.

१७८७ च्या घटना परिषदेतील आधीचा मसुदा याहून स्पष्ट होता. दुसरा राष्ट्राध्यक्ष निवडला जाईपर्यंत किंवा असमर्थता दूर होईपर्यंत उपराष्ट्राध्यक्षाने अधिकार चालवावेत, असे त्यात होते. भाषेवर शेवटचा हात फिरवणाऱ्या समितीने मजकूर आटोपशीर केला आणि ही स्पष्टता हरवली.

४ एप्रिल १८४१ रोजी, पद स्वीकारल्यापासून ३१ व्या दिवशी, विल्यम हेन्री हॅरिसन यांचे निधन झाले. पदावर असताना मरण पावलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण हंगामी नव्हे, पूर्ण राष्ट्राध्यक्ष झालो आहोत, असा पवित्रा घेऊन शपथ घेतली. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना हा अर्थ मान्य नव्हता; विरोधक टायलर यांना 'अपघाताने आलेले' म्हणून हिणवीत. तरीही काँग्रेसने टायलर यांचा अर्थ स्वीकारला आणि तोच पायंडा झाला.

मृत्यूच्या प्रसंगी या वाचनाने राज्यव्यवस्थेला स्थैर्य दिले, हे मान्य करावे लागेल. पण तेच सर्वनाम असमर्थतेलाही लागू होते. २ जुलै १८८१ रोजी जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर ७९ दिवस ते अंथरुणाला खिळून होते. उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी सूत्रे हाती घेतली, तर गारफिल्ड बरे झाल्यावरही त्यांना पद परत मिळणार नाही, अशी शंका होती. आर्थर थांबले, १९ सप्टेंबरला गारफिल्ड यांचे निधन होईपर्यंत कारभार जवळजवळ खोळंबला. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. तेव्हाही उपराष्ट्राध्यक्ष टॉमस मार्शल यांनी अधिकार हाती घेतले नाहीत, आणि विल्सन मार्च १९२१ मध्ये मुदत संपेपर्यंत पदावरच राहिले.

या संदिग्धतेचा निकाल १९६७ साली पंचविसाव्या घटनादुरुस्तीने लागला. पदच्युती, मृत्यू किंवा राजीनामा झाल्यास उपराष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्राध्यक्ष होतो. असमर्थतेच्या काळात मात्र तो केवळ कार्यकारी असतो आणि मूळ धन्याला परतता येते. ९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले, ते याच स्पष्ट शब्दांच्या आधारे. मराठीत सांगायचे तर, 'जाईल' आणि 'जातील' यांची फारकत करायला त्या राष्ट्राला, हॅरिसन यांच्या मृत्यूपासून मोजले तर, १२६ वर्षे लागली.

सर्वनामाचा संदर्भ शोधणे हा व्याकरणाच्या तासातला रूक्ष भाग, असे आपले विद्यार्थी मानतात. त्यांना गारफिल्ड यांचे ते ७९ दिवस जरूर सांगावेत.