मुंबईच्या अनभिषिक्त राजाचा पराभव

एखादा जुना, मुरलेला लोकप्रतिनिधी निवडणुकीत पडला आणि जवळजवळ निम्म्या वयाचा प्रतिस्पर्धी निवडून आला, म्हणजे लोक बहुधा दोनच कारणे सांगतात. कोणी म्हणतात, त्या वर्षी लाट होती. कोणी म्हणतात, सारे त्या तरुणाचे कर्तृत्व. इतिहास शिकविण्यात माझी हयात गेली, आणि या दोन्ही उत्तरांनी माझे कधीच समाधान झाले नाही. नुसत्या लाटेने सर्वच जुने पुढारी वाहून जातात असे नाही, आणि नुसते कर्तृत्व असलेले पुष्कळ तरुण अनामत रक्कम गमावून घरी बसलेले आपण पाहतो. यास्तव आज मी एकाच निवडणुकीची हकीकत आपणांस सांगणार आहे. ती १९६७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात दक्षिण मुंबईत झाली. एका बाजूस केंद्र सरकारचे रेल्वेमंत्री स. का. पाटील, वय ६८. दुसऱ्या बाजूस मुंबई महानगरपालिकेचे एक सभासद जॉर्ज फर्नांडिस, वय ३६.

पाश्चात्य देशांत अशा लढतीचा जो प्रसिद्ध दाखला देतात तो १९५२ सालचा, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानचा आहे. तेथे हेन्री कॅबट लॉज हे सिनेटर होते. त्यांच्याविरुद्ध जॉन केनेडी हा ३५ वर्षांचा तरुण उभा राहिला आणि सुमारे ७० हजार मतांनी विजयी झाला. त्याच दिवशी लॉज यांच्या पक्षाचे आयसेनहॉवर यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते संस्थान जिंकले होते, म्हणजे वारा लॉज यांच्याच बाजूचा होता. परंतु केनेडींच्या पाठीशी कोट्यधीश पित्याची थैली होती आणि घरोघर चहापानाचे समारंभ घालणारे सारे कुटुंब होते. शिवाय त्या दोन घराण्यांचे हाडवैर तीन पिढ्यांचे. १९१६ साली याच सिनेटच्या जागेसाठी लॉज यांच्या आजोबांनी केनेडींच्या आजोबांना पाडले होते. एकंदरीत तो दोन मातब्बर घराण्यांमधील सामना होता. मुंबईतला सामना तसा नव्हता.

सदाशिव कान्होजी पाटील हे मूळचे सावंतवाडीजवळच्या झारापचे. असहकारितेच्या चळवळीत त्यांनी महाविद्यालय सोडले, अनेकदा तुरुंगवास भोगला आणि पुढे मुंबई प्रांतिक काँग्रेसची सूत्रे हाती घेऊन ती वर्षानुवर्षे सोडली नाहीत. १९४९ पासून लागोपाठ तीन वेळा ते मुंबईचे महापौर झाले. शहराची हद्द वाढून उपनगरे महापालिकेत आली ती १९५० साली, त्यांच्याच कारकीर्दीत. काँग्रेससाठी पैसा उभा करावा तर पाटलांनीच, अशी त्यांची ख्याती होती. दिल्लीस गेल्यावर पाटबंधारे, वाहतूक, अन्न आणि रेल्वे अशी एकाहून एक मोठी खाती त्यांनी सांभाळली. अन्नमंत्री असता ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे त्यांनी जो करार केला, त्याने अमेरिकेतून चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ येण्याची व्यवस्था झाली. आमच्या पिढीच्या पोटात रेशनचा जो गहू गेला त्यातील बराचसा याच वाटेने आला. त्या गव्हास नावे ठेवणारे पुष्कळ होते, पण तो नसता तर काय झाले असते याचा विचार त्यांच्यापैकी थोड्यांनीच केला. पाटलांचा अधिकार असा कामातून आलेला होता. तो कोणी त्यांस आंदण दिला नव्हता.

तथापि मराठी माणसाच्या मनात त्यांच्याविषयी एक खोल सल होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस त्यांनी उघड विरोध केला. १९५५ सालच्या नोव्हेंबरात चौपाटीवरील सभेत, मुंबई महाराष्ट्रास पाच हजार वर्षांतही मिळणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ती सभा लोकांनी उधळून लावली, आणि पुढल्या काही आठवड्यांत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने तर पाटलांचा पिच्छा कधीच सोडला नाही. पाच हजार वर्षांची मुदत पाच वर्षांतच सरली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १९५७ च्या निवडणुकीत समितीची लाट ऐन भरात असता, शेजारच्या मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी निवडून आले असता, दक्षिण मुंबईत पाटील निवडून आलेच. १९६२ सालीही आले. राग होता, कारण होते, वक्ते होते, वर्तमानपत्र होते, आणि तरीही पाटील पडले नाहीत. सबब लाटेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी प्रथम १९५७ चे उत्तर द्यावे, मग १९६७ कडे वळावे.

माझ्या समजुतीने दहा वर्षांत जे बदलले ते असे. १९५७ साली लोक पाटलांवर रागावले होते; पण पाटील पडू शकतात असे त्यांस मनातून वाटत नव्हते. मतदार पुष्कळदा आपल्या आवडीपेक्षा आपल्या अंदाजाप्रमाणे मत देतो. जो निवडून येणारच आहे त्याच्याशी वाकडे कशाला घ्या, असा व्यापारी हिशेब गिरणगावापेक्षा कोट-कुलाब्याच्या बाजूस अधिक चालतो, हे मी टीका म्हणून सांगत नाही. त्या मतदाराच्या मनातील हा अंदाज मोडणे, हेच प्रतिस्पर्ध्याचे खरे काम असते.

ते काम ज्याने केले तो मुंबईत कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. मंगळूरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात ३ जून १९३० रोजी जन्मलेल्या या मुलास धर्मोपदेशक व्हावे म्हणून बंगळूरच्या मठात पाठविले होते. तेथील उच्चनीच भाव पाहून तो विटला, बाहेर पडला आणि १९४९ साली नोकरीच्या शोधात मुंबईस आला. राहावयास जागा नव्हती, म्हणून चौपाटीवर बाकावर निजावे आणि मध्यरात्री पोलिसाने उठवून लावावे, हा त्याचा क्रम असे. त्याच वर्षी स. का. पाटील या शहराचे महापौर झाले होते. पुढे एका वर्तमानपत्रात मुद्रिते तपासण्याचे काम त्यास मिळाले; गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो आणि समाजवादी पक्ष यांच्याशी संबंध आला; आणि टॅक्सीचालक, झाडूवाले, हॉटेलांतील पोरे अशा, ज्यांस कोणी वाली नव्हता त्या लोकांच्या संघटना त्याने बांधल्या. १९६१ साली तो महापालिकेत निवडून गेला. शहर बंद पाडणारा म्हणून त्याचे नाव झाले, आणि ज्यांची गैरसोय झाली ते त्यास शिव्याही देत. सुशिक्षित घरांत त्याचा लौकिक चांगला होता असे म्हणता येणार नाही.

महत्त्वाकांक्षा होतीच. संयुक्त समाजवादी पक्षातर्फे एखादी सुरक्षित जागा मागता आली असती. त्याऐवजी देशातील एका सर्वांत बलाढ्य काँग्रेस नेत्यासमोर उभे राहणे, यात पडलो तरी नाव होईल असा हिशेब नसेलच असे मी म्हणत नाही. पण असा हिशेब पुष्कळ लोक करतात आणि नाव होण्यावरच संतुष्ट राहतात. फर्नांडिस यांनी मात्र निवडून येण्याच्या तयारीने निवडणूक लढविली.

त्या प्रचाराची एक गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. पत्रकारांनी पाटलांस विचारले की आपल्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे राहणार असे म्हणतात. त्यावर, हे कोण फर्नांडिस, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. आणि बोलता बोलता, आपणांस देवही हरवू शकणार नाही, असे ते म्हणाले, असे सांगतात. शब्द नेमके हेच होते की सांगणाऱ्यांनी त्यांस धार लावली, या वादात मी पडत नाही. फर्नांडिस यांच्या मंडळींनी मात्र त्यावरच सारा प्रचार उभारला. देव पाटलांना हरवू शकत नसेल, पण तुम्ही हरवू शकता, हा मजकूर भिंतीभिंतींवर लागला. त्यात पाटलांस शिवी नाही, संयुक्त महाराष्ट्राची आठवण नाही, समाजवादाचे तत्त्वज्ञान नाही. मतदारास एवढेच सांगितले आहे की ही गोष्ट तुझ्या हातची आहे. १९५७ सालच्या वक्तृत्वात जे नव्हते ते या एका वाक्यात होते. आणि ते वाक्य घरोघर पोहोचविण्यास पगारी माणसे लागली नाहीत. संघटनांतील कामगार होतेच.

काळही अनुकूल झाला होता हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. महागाईने मध्यमवर्ग गांजला होता. त्यातच १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन होऊन मराठी माणसाच्या हक्काचा प्रश्न शहरात गाजू लागला. आता गंमत पाहा. या वातावरणात पाटील हे कोकणातले मराठी गृहस्थ, आणि फर्नांडिस मंगळूरचे कोकणी भाषिक ख्रिस्ती. भाषेवर मते पडावयाची असती तर पारडे कोणाकडे झुकावयास हवे होते? गिरगावच्या मराठी चाळींतून फर्नांडिस यांस उदंड मते मिळाली. त्याच निवडणुकीत ईशान्य मुंबईत मात्र कृष्ण मेनन यांचा स. गो. बर्वे यांनी पराभव केला, आणि तेथे मेनन परप्रांतीय असल्याचा प्रचार जोराने झाला होता. एकाच शहराच्या दोन टोकांस लोकांनी दोन निराळे निकष लावले.

मतमोजणी झाली तेव्हा फर्नांडिस यांस शेकडा ४८.५ मते पडली होती. इतर उमेदवारही रिंगणात होते. तेव्हा ही निम्म्याहून थोडी कमीच मते, पण जिंकण्यास पुरेशी. केंद्रीय मंत्र्यास एका नगरसेवकाने पाडले, ही वार्ता दुसऱ्या दिवशी देशभर गेली.

या सालात असे होणारे पाटील एकटेच नव्हते. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज हे मद्रास राज्यात आपल्या विरुदुनगर गावी श्रीनिवासन नावाच्या विद्यार्थी चळवळीतील तरुणाकडून १,२८५ मतांनी हरले. बंगालचे अतुल्य घोषही पडले. ज्या थोड्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून पंतप्रधान कोण व्हावे हे ठरविले होते, त्यांतील तिघांस त्यांच्याच मतदारांनी घरी बसविले. दिल्लीत इंदिरा गांधींवर असलेला त्यांचा दाब यामुळे ओसरला, आणि १९६९ मध्ये काँग्रेस फुटली त्याचे एक मूळ या निकालांत आहे. दक्षिण मुंबईतील मतदाराने हे काही योजले नव्हते.

आम्हां नाशिककरांस या प्रसंगी आपल्याच गावची एक निवडणूक आठवावी. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, आणि पुढे लोकसभेची नाशिकची जागा मोकळी असता ते तेथून बिनविरोध निवडून आले. त्या संकटसमयी ते योग्यच होते, आणि नाशिकास त्याचा अभिमान आहे. पण बिनविरोध निवडणुकीत मतदारास पेटीपर्यंत जावे लागत नाही. त्यामुळे आपले मत किती वजनाचे आहे हे त्यास कळतही नाही. दक्षिण मुंबईकरांस ते चार वर्षांनी कळले.

पाटील पुढे १९६९ साली गुजरातेतील बनासकांठा येथून पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले खरे, पण मुंबईचे राज्य त्यांस परत मिळाले नाही. १९८१ साली ते वारले. त्यांच्या विजेत्यासही मुंबईने फार काळ डोक्यावर घेतले नाही. १९७१ साली त्याच दक्षिण मुंबईत फर्नांडिस हरले. ज्यांनी रेल्वेमंत्र्यास पाडले त्यांनीच १९७४ च्या मे महिन्यात सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप चालविला, आणि १९८९ साली स्वतः रेल्वेमंत्री होऊन कोकण रेल्वेचे काम हाती घेतले. १९९८ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर झाराप हे पाटलांच्या गावचे स्थानक आहे.

आणीबाणीत तुरुंगात असताना १९७७ साली बिहारातील मुझफ्फरपूरने फर्नांडिस यांस निवडून दिले, आणि पुढेही अनेकदा दिले. २००९ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, प्रकृतीच्या कारणास्तव त्यांच्याच पक्षाने त्यांस तेथील उमेदवारी नाकारली. त्यांनी ती जागा सोडण्याचे नाकारून अपक्ष म्हणून अर्ज भरला. या खेपेस पक्षाचा नवा उमेदवार निवडून आला, आणि फर्नांडिस यांची अनामत रक्कम जप्त झाली.