रिकाम्या गाळ्यातून मंडळाचे केंद्र : काय पाहावे, काय करावे

आमच्या बडोद्याच्या मंडळाचे कार्यक्रम वर्षानुवर्षे भाड्याच्या सभागृहात आणि सभासदांच्या घरी होत आले. मुलांचा मराठी वर्ग लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भरत असे. ज्या आजी-आजोबांच्या तोंडून मुलांनी मराठी ऐकावे, त्यांनाच जिना चढवत नसे. म्हणून आम्ही तळमजल्यावरचा एक बंद गाळा भाड्याने घेतला आणि श्रमदानाने नीट केला. इतर मंडळांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती देत आहोत.

जागा

भाडे विचारण्याआधी पायऱ्या मोजाव्यात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांब उतार हवा, दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. एवढी जागा गाळ्यापुढे क्वचितच असते आणि उतार रस्त्यावर काढता येत नाही. स्वच्छतागृह सामाईक असल्यास त्याची किल्ली कोणाकडे असते, हे विचारून घ्यावे. शक्य असेल तर जागा पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात भिंतीची ओल लपून राहते.

करार

मंडळ नोंदणीकृत असेल तर करार मंडळाच्या नावाने करावा, पदाधिकाऱ्याच्या नावाने नको. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची पद्धत आहे. पण आपण रंगरंगोटी केली की गाळ्याला भाव येतो, आणि अकरा महिन्यांनी तोच दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. खर्च थोडा वाढला तरी जास्त मुदतीचा, नोंदवलेला करार बरा. भाडेवाढ किती, जागा सोडताना पंखे व कपाटे कोणाची, आणि तेथे वर्ग व सभा भरवण्यास परवानगी आहे, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. गाळा सोसायटीत असेल तर तिचीही लेखी संमती घ्यावी.

श्रमदान

झाडलोट, पोपडे खरवडणे, रंग देणे, फळ्या बसवणे, पुस्तकांची नोंद करणे ही कामे स्वयंसेवकांना सहज जमतात. वीजजोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. विजेचा धक्का बसू लागताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्यात काटकसर करू नये. भिंत पाडण्याचा विचार असेल तर आधी अभियंत्याला दाखवावी.

कामाचा क्रम आधी छताची गळती, मग वीज, मग भिंती, मग फरशी आणि शेवटी सामान असा ठेवावा. आम्ही उत्साहाच्या भरात आधी रंग दिला. पुढच्याच आठवड्यात वायरमनने त्याच भिंतींत झिऱ्या पाडल्या आणि दोन रविवारांचे काम पुन्हा करावे लागले. पुस्तकांची कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावीत, म्हणजे ओल लागत नाही आणि वाळवी लवकर दिसते.

उघडे ठेवणे

रंग वाळला की गर्दी ओसरते. खरे काम तेथून पुढे सुरू होते. आमच्याकडे दुपारी मोकळा वेळ होता तो ज्येष्ठांना, पण शटर त्यांना उचलवेना. शेवटी हँडल फिरवून उघडणारे शटर बसवले. रंगापेक्षा त्यावर जास्त पैसे गेले, पण केंद्र रोज उघडू लागले ते त्यानंतरच. प्रत्येक वारासाठी दोन माणसे ठरवावीत आणि किल्ल्या दोन घरी ठेवाव्यात. एकाला अडचण आली तर दुसरा येतो.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बडोदे संस्थानात वाचनालयांची योजना सुरू केली, तेव्हा गावकऱ्यांनी आधी स्वतःची वर्गणी जमवायची आणि मग सरकारने भर घालायची असा नियम होता. त्यामुळे वाचनालय गावाला आपले वाटे. आम्हीही देणगीदार शोधण्याआधी सभासदांकडून वर्गणी आणि आठवड्याचे दोन तास मागितले.

आता मुलांचा वर्ग गाळ्यातच भरतो. दुपारी शटर उघडणाऱ्या आजी संध्याकाळी घरी जाण्याची घाई करत नाहीत. मुले आली की त्यांच्याशी बोलत बसतात. नवे केंद्र काढणाऱ्यांनी भिंतीच्या रंगाआधी वारांची यादी ठरवावी, एवढेच आमचे सांगणे.