लिलावाची भिशी

मुंबईत 1856 मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढील काही दशकांत कोकणातून व घाटावरून आलेल्या मजुरांचा मोठा वर्ग रोख पगारावर जगू लागला. मात्र खर्च भागून उरणारे चार पैसे थोड्या मुदतीसाठी कोठे गुंतवावेत, हा त्याचा प्रश्न बराच काळ अनुत्तरितच होता. 1882 मध्ये टपाल कचेऱ्यांतून बचत बँक सुरू झाली खरी, पण तेथे फक्त ठेव ठेवता येई. अडीअडचणीला कर्ज देणारा सावकारच असे, आणि त्याचा रुपयामागे दरमहा एक आणा हा दर, म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला शेकडा 75, सर्रास चालत असल्याची नोंद 1931 च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात आहे.

भिशीने या दोन्ही गरजा एकाच व्यवहारात बसवल्या. साध्या भिशीत जमलेली रक्कम चिठ्ठी टाकून दरमहा एकेकाला दिली जाते, त्यामुळे तीत व्याज नसते. लिलावाच्या भिशीत मात्र जो सर्वांत कमी रक्कम घेण्यास तयार होईल त्याला ती मिळते व त्याने सोडलेला भाग सभासदांत वाटला जातो. 20 जणांनी दहा-दहा रुपये भरून जमवलेले 200 रुपये एखाद्या नडलेल्याने 170 ला उचलले, तर उरलेल्या 30 रुपयांतून प्रत्येकाच्या वाट्याला दीड रुपया येतो. शेवटपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण 200 मिळतात, आणि तोवर त्याने प्रत्यक्ष भरलेली रक्कम त्याहून कमी असते. त्याचा हा लाभ सोबत्याच्या नडीतूनच येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि व्याजाचा पैसा सावकाराकडे न जाता मंडळींतच फिरत राही, हा फरकही लहान नव्हे.

खरा धोका सुरुवातीलाच भिशी उचलून पुढील हप्ते बुडवणाऱ्याचा, किंवा रक्कम घेऊन पसार होणाऱ्या चालकाचा. तारण नसल्याने एकाच चाळीतली, गावची किंवा बाजारातली ओळख हाच जामीन मानला जाई. 1982 च्या केंद्रीय चिट फंड कायद्याने अशा भिशांना, म्हणजे कायद्याच्या भाषेत चिटांना, पूर्वपरवानगी व नोंदणी आवश्यक केली, परंतु सूट दिली ती केवळ शंभर रुपयांपर्यंतच्या चिटांना. ही मर्यादा इतकी तोकडी होती की परिचितांत उघडपणे चालणाऱ्या बहुतेक लिलाव-भिशा नोंदणीविना चालू राहिल्या, आणि त्या बुडाल्यावर सभासदांच्या हाती चालकाच्या वहीपलीकडे फारसा पुरावा उरत नसे.