पंख्याच्या घडीतली आठशे वर्षं

कामाकुरा, 1186

जपानी पंचांगाचा चौथा महिना, आठवी तिथी. तुम्ही त्सुरुगाओका हाचिमान देवळाच्या ओवरीत, योद्ध्यांच्या गर्दीत मागे उभे आहात. समोर चिकाचा पडदा आहे. त्याच्याआड कामाकुराचा सत्ताधीश मिनामोतो नो योरितोमो आणि त्याची बायको होजो मासाको बसले आहेत. त्याच्या शत्रूंचा, तैरा घराण्याचा, पाडाव होऊन जेमतेम वर्ष झालंय. ज्याने लढाया जिंकून दिल्या, तो धाकटा भाऊ योशित्सुने आज फरारी आहे आणि थोरल्या भावानेच त्याच्या मागावर माणसं सोडली आहेत.

आणि आता जिला पुढे आणलं जातंय, ती शिझुका योशित्सुनेची प्रिया. योशिनोच्या बर्फाळ डोंगरात दोघांची ताटातूट झाली, ती पकडली गेली. तिच्या पोटात त्याचं मूल आहे. नाचून दाखव म्हणून निरोपावर निरोप गेले आणि तिने दर वेळी नकार कळवला. आज मात्र तिचा इलाज चाललेला नाही.

शिझुका शिराब्योशी आहे. या नर्तिका पुरुषी वेषात नाचतात. पूर्वी त्या उंच टोपी घालत, कमरेला तलवार लावत. पुढे टोपी गेली, तलवार गेली, पांढरा अंगरखा तेवढा राहिला. आणि हातातला पंखा राहिला.

साथीला बसलेत तेही योद्धेच. कुदो सुकेत्सुनेच्या खांद्यावर त्सुझुमी हे लहान चर्मवाद्य आहे, हाताकेयामा शिगेतादाच्या हातात झांजा. पहिली थाप पडते. शिझुका बाही झटकते, पंखा उघडते आणि गायला लागते. तुमच्या शेजारचा माणूस एकदम ताठ होतो. ती योशिनोच्या बर्फाबद्दल गाते आहे. त्या बर्फात दिसेनाशा झालेल्या माणसाची आठवण ती त्याच्याच शत्रूच्या तोंडावर गाते आहे.

‘आझुमा कागामी’ या बखरीत हा प्रसंग नोंदलेला आहे. थोरामोठ्यांपासून नोकरचाकरांपर्यंत सगळे हेलावून गेले, असं ती सांगते. एकटा योरितोमो संतापला. देवासमोर कामाकुराची भरभराट गायची सोडून ही एका बंडखोराचं नाव घेते! त्याला आवरलं मासाकोने. तुम्ही परागंदा होतात तेव्हा मीही बापाचा विरोध मोडून, काळोखातून आणि पावसातून तुमच्याकडे आले होते, ती म्हणाली. इतक्या वर्षांचं प्रेम ही विसरली असती, तर हिला पतिव्रता कोण म्हणालं असतं? राग निवळला. थोड्या वेळाने चिकाखालून एक रेशमी वस्त्र बाहेर सरकवलं गेलं. ते शिझुकाचं बक्षीस होतं.

एकाच नाचात एकाला राजद्रोह दिसला आणि दुसरीला स्वतःची तरुणपणची रात्र. पुढे शिझुकाला मुलगा झाला आणि योरितोमोच्या हुकमाने तो मारला गेला. मासाकोचा शब्द त्या दिवशी चालला नाही. पण ओवरीत ती जे बोलली त्यात नृत्य कसं पाहावं, हे सगळं आलं. इथून पुढच्या प्रवासात तो धडा सोबत ठेवा.

क्योटो, 1374 च्या सुमारास

आता तुम्ही इमाकुमानो देवळाच्या आवारात आहात. मंचावर कान्आमी नावाचा नट आहे आणि त्याच्यासोबत त्याचा मुलगा, वय बाराच्या आसपास. समोर बसलेला शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, आशिकागा योशिमित्सु स्वतःच अजून विशीच्या आत आहे. आजच्या खेळाने तो या बापलेकांवर इतका खूश होणार आहे, की देवळांच्या जत्रांतून फिरणारी त्यांची कला दरबारात जाऊन बसेल. आज तिला आपण नो म्हणतो. मुलाचं नाव पुढे झेआमी म्हणून गाजेल.

नोच्या मंचावर सजावट जवळजवळ नसते. डोंगर, नदी, चंद्र, तलवार, दारूचा प्याला हे सगळं एका पंख्याने दाखवायचं. नटाचा पंखाही खास असतो. त्याच्या कडेच्या दोन पट्ट्या बाहेर वाकवलेल्या असतात, त्यामुळे मिटला तरी तो थोडा उमललेलाच दिसतो. पुढच्या काळात त्यावरच्या चित्रांचेही नियम ठरले. लढाईत हरलेल्या योद्ध्याचं भूत रंगमंचावर आलं, तर त्याच्या पंख्यावर लाटांत बुडणारा सूर्य असतो. जिंकलेल्याच्या पंख्यावर पाइन वृक्ष आणि उगवता सूर्य. नटाने तोंड उघडण्याआधीच जाणकार प्रेक्षकाला त्याचं प्राक्तन कळलेलं असतं.

हाच झेआमी मोठेपणी नटांसाठी ग्रंथ लिहील. त्यांत तो बजावेल, की नाचणाऱ्याने स्वतःकडे प्रेक्षकाच्या नजरेने पाहायला शिकावं. आपल्या डोळ्यांना आपली पाठ दिसत नाही, प्रेक्षकांना दिसते. ती पाठही आपल्या ताब्यात हवी.

त्याच्या नावावर सांगितलं जाणारं ‘याशिमा’ हे नाटक योशित्सुनेच्या भुताबद्दल आहे. शिझुकाने ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याला दोनशे वर्षांनी मंच मिळतो आणि त्याच्या हाती उगवत्या सूर्याचा पंखा येतो.

क्योटो, गोजो पुलाजवळ, एदो काळ

चटई अंथरलेल्या खोलीत खळीचा आंबूस वास आहे. पंखेवाल्यांचा हा भाग. क्योटोत म्हणतात, की पंखा सत्त्याऐंशी वेळा कारागिरांच्या हातांखालून जातो, तेव्हा कुठे पुरा होतो. एकाच घरात पंखा जन्मत नाही. बांबू तासणारे वेगळे, कागद तयार करणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, घड्या घालणारे वेगळे.

कागद जाड दिसतो, पण त्यात अनेक पदर एकमेकांना चिकटवलेले आहेत. चितारी चित्र काढून देतो, मग घड्यांचं काम करणारा कागद जराशा ओलाव्यावर आणून घड्यांच्या दोन साच्यांमध्ये धरतो आणि एकेक घडी मोडत जातो. पुढे मधल्या पदरात बांबूच्या पातळ काड्या शिरायच्या असतात. त्यासाठी एक बाई घडी घातलेला कागद ओठांजवळ नेते आणि फटींत फुंकर घालते. बंद फटी श्वासाने उघडतात. क्षणभरही न दवडता ती खळ लावलेल्या काड्या एकेका फटीत सरकवते. कितीही थाटाचा पंखा घ्या, त्याच्या पोटात असा कुणाचा तरी श्वास गेलेला असतो.

शेवटचं काम कडेच्या दोन जाड पट्ट्यांचं. त्या शेकून किंचित आत वाकवतात, म्हणजे मिटताना त्या कागद घट्ट आवळून धरतात. कारागीर पंखा मिटून पाहतो. पट्! आवाज कोरडा आणि एकसंध आला तर पंखा पसंत. मंचावर हाच आवाज वाक्याच्या शेवटी येणाऱ्या पूर्णविरामाचं काम करणार आहे.

गिओन, 1872

तीन वर्षांपूर्वी सम्राट तोक्योला गेले. त्यांच्या मागोमाग दरबारी गेले, गिऱ्हाइकं गेली आणि हजार वर्षांची राजधानी ओस पडायला लागली. शहराला पुन्हा उभारी यावी म्हणून क्योटोने प्रदर्शन भरवलंय. देवळांच्या आवारांत मांडव आहेत, परदेशी पाहुण्यांना मुद्दाम शहरात येऊ दिलंय. त्यांना रिझवण्यासाठी प्रशासनातले माकिमुरा मासानाओ आणि इचिरिकी या चहागृहाचे मालक सुगिउरा जिरोएमोन यांनी गिओन या क्योटोतल्या भागातल्या नर्तिकांचा जाहीर कार्यक्रम ठरवला. नृत्य बसवायची जबाबदारी इनोउए घराण्याच्या तिसऱ्या याचियो, म्हणजे कातायामा हारुको यांच्यावर आली.

त्यांच्यापुढची अडचण समजून घ्या. हे घराणं 1800 च्या सुमाराला उभं राहिलं ते बैठकीच्या खोलीत. एक नर्तिका, साथीला शामिसेन हे तंतुवाद्य, दोन हात अंतरावर प्रेक्षक. बैठकीच्या लावणीत अदाकारी नजरेच्या आणि हाताच्या लहानशा हालचालीत सामावते, तसंच इथेही. ते नाच आता मोठ्या सभागृहात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे होते. याचियोंनी इसे इथल्या सामूहिक नाचाचा धागा पकडला आणि नर्तिकांना रांगेत उभं केलं. एकीच्या बारकाव्यांऐवजी सगळ्यांची एक लय पुढे आली. या कार्यक्रमाचं नाव मियाको ओदोरी.

तुमच्या शेजारी बसलेल्या परदेशी पाहुण्याची नजर किमोनोच्या रंगांवर खिळली आहे. मागच्या रांगेतली क्योटोची म्हातारी नर्तिकांच्या कमरेकडे पाहते आहे. कंबर खाली राहते का, डोकं वरखाली हिंदकळत तर नाही ना, एवढंच तिला बघायचंय. दोघंही रमलेत. पण घरी जाताना म्हातारीच्या पदरात जास्त पडलेलं असेल.

दुसऱ्या महायुद्धात मियाको ओदोरी थांबली, 1950 मध्ये पुन्हा सुरू झाली. गिओन कोबू या गिओनच्या भागात आजही इनोउए घराण्याचंच नृत्य चालतं. तिसऱ्या याचियो शंभरीला टेकून 1938 मध्ये गेल्या.

तोक्यो, 1893

काबुकी-झा हे काबुकी नाटकांचं नाट्यगृह गच्च भरलंय. नववा इचिकावा दान्जुरो हा नट आज कागामिजिशी हे नृत्य करतो आहे. पन्नाशी उलटलेला हा पुरुष शोगुनच्या वाड्यातली लाजरी दासी झालाय. आपल्या मुलींची तालीम पाहताना त्याला हे नृत्य सुचलं, असं सांगतात. दासीच्या हातात आता दोन पंखे आहेत. ते फिरतात, हवेत जातात, पुन्हा नेमके बोटांत येतात. नाचाच्या पंख्यात खिळ्याजवळ थोडं शिसं घातलेलं असतं, त्यामुळे वजन मुठीशी राहतं आणि उडवलेला पंखा भरकटत नाही. पंखा हातात परत येतो त्या क्षणी माडीवरून आरोळी घुमते, “नारिताया!” हे दान्जुरोच्या घराण्याचं नाव. ही आरोळी भलत्या वेळी दिली तर रंगाचा बेरंग होतो. जाणकाराला ती जागा ठाऊक असते. इथे प्रेक्षकालाही ताल सांभाळावा लागतो.

गिओन, आज

शेवटचा मुक्काम तातामीच्या चटयांच्या लहान खोलीत. नर्तिका समोर बसते, मिटलेला पंखा गुडघ्यांपुढे आडवा ठेवते आणि वाकून नमस्कार करते. त्या पंख्याच्या अलीकडे ती आहे, पलीकडे तुम्ही. नमस्कारातला आदर त्या रेषेवरून तुमच्यापर्यंत येतो. मग ती पंखा उचलते आणि रेषा उरत नाही.

गाणं ‘याशिमा’. झेआमीच्या नाटकावरून आलेलं, शामिसेनवर गायलं जाणारं. तिच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मिटलेला पंखा तिरपा पुढे येतो, ती तलवार. अर्धा उघडून छातीशी येतो, ती ढाल. पूर्ण उघडून आडवा, बोटांच्या हलक्या कंपाने थरथरतो, ते याशिमाच्या किनाऱ्यावरचं पाणी. वर उचलला की चंद्र. खोलीत घोडे नाहीत, जहाजं नाहीत, रक्त नाही, तरी तुम्ही योशित्सुनेच्या लढाईत उभे आहात. मग उजाडतं. शत्रू वाटत होते ते समुद्रपक्षी निघतात आणि रणघोष वाटत होता तो पाइनच्या झाडांतून घोंघावणारा वारा. पट्! पंखा मिटतो.

लढाई तिने दाखवली नाही. तिने फक्त पंख्याचे कोन दाखवले. लढाई तुम्ही पाहिलीत. बांबूचा, कागदाचा हा पंखा अर्धा नाचणारीच्या हातात असतो, उरलेला अर्धा बघणाऱ्याच्या मनात उघडायचा असतो. मासाकोने तो उघडला होता, योरितोमोला उघडता आला नाही. शिझुकाच्या पाठीमागून ही कला इतकी शतकं तगली, त्याचं श्रेय घराण्यांना आहे, कारागिरांना आहे आणि तितकंच त्या मागच्या रांगेतल्या म्हातारीला आहे.

मियाको ओदोरी दरवर्षी एप्रिलमध्ये गिओनमध्ये होते. साकुराच्या दिवसांत क्योटोला जाणं झालं, तर फुलांचे फोटो काढून झाल्यावर तिचं तिकीट जरूर काढा. जाणं जमणार नसेल, तर घरबसल्या एकाच नर्तिकेचं एकच नृत्य निवडा आणि पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत सलग पाहा, मध्ये न थांबवता, पुढे न ढकलता. नजर चेहऱ्यावरून काढून मनगटावर ठेवा. पहिल्या वेळी फारसं काही दिसणार नाही. पुन्हा पाहा.