निपाण, तीर्थ आणि विहिरीचे पाणी

निपाणी या गावनामाची फोड लोक सहज ‘नि-पाणी’ अशी करतात. जेथे पाणी नाही ते निपाणी. तंबाखूच्या वखारींनी गजबजलेल्या त्या पेठेत उन्हाळ्यात घागरींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही फोड पटतेही. आम्हांस मात्र अमरकोशातील ‘निपान’ हा शब्द आठवतो. विहिरीच्या शेजारी गुरांना पाणी पाजण्यासाठी बांधलेला हौद, असा त्याचा अर्थ आहे. गावाचे नाव त्यावरूनच पडले असा आमचा आग्रह नाही; परंतु ज्या शब्दात एकाला पाण्याचा अभाव दिसावा, त्याच शब्दात दुसऱ्याला भरलेला हौद दिसावा, ही गोष्ट बेळगाव-निपाणीच्या या साऱ्या मुलखास मोठी समर्पक आहे. या प्रदेशाच्या एका अंगास सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार कोसळते. बेळगाव शहरी सरासरी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस होतो. आणि त्याच जिल्ह्याच्या अथणीकडील भागास त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. शंभर मैलांच्या आत एवढा फरक! मग पाणी कोठे आहे, किती आहे आणि ते पिण्याजोगे आहे की नाही, हे तीन प्रश्न येथील माणसास पिढ्यान्‌पिढ्या पडत आले यात नवल ते काय?

पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शरीरात रक्ताच्या शिरा असाव्यात तशा भूमीत पाण्याच्या शिरा आहेत, ही त्याची मूळ कल्पना. कोणत्या वृक्षाच्या कोणत्या बाजूस किती ‘पुरुष’ खोल खणावे, वारूळ जवळ असेल तर काय समजावे, खणताना कोणत्या रंगाची माती व कसला दगड लागेल, हे त्यात बारकाईने सांगितले आहे. यांतील सर्वच विधाने आजच्या कसोटीस उतरतील असे नाही. तथापि झाडे आणि वारुळे जमिनीतील ओलाव्याची खूण देतात हे निरीक्षण खोटे नाही. आमच्या मते या अध्यायाचे खरे मोल त्याच्या उत्तरांपेक्षा त्याच्या रीतीत आहे. पाणी दैवाने लागते असे न म्हणता तो खुणा पाहावयास सांगतो.

दुसरी रीत आली ती एकोणिसाव्या शतकात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ज्यास त्या काळी ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत त्या प्रदेशाची भूरचना तपासली आणि त्यांचा ग्रंथ १८७६ साली त्या खात्याच्या प्रबंधमालेत प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच वर्षी पाऊस फिरला आणि १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने या जिल्ह्यांस घेरले. फूट यांचे नाव आज मुख्यतः आदिमानवाच्या दगडी हत्यारांच्या शोधासाठी घेतले जाते. पण ती हत्यारे मिळाली कोठे? बहुतांशी नद्यांच्या जुन्या गाळात आणि गोट्यांच्या थरांत. म्हणजे माणसाचा इतिहास शोधता शोधता नदीचाही इतिहास हाती येत गेला. हाच धागा पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने धरला. रा. वि. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्यावरील ग्रंथ १९५५ साली निघाला आणि आर. एस. पप्पू यांनी वरच्या कृष्णा खोऱ्याचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. नदीने आपले पात्र केव्हा खोल कापले आणि केव्हा गाळाने भरून काढले, यावरून हवामानाच्या फेरपालटाचे अनुमान त्यांत केले आहे.

आता विहिरीकडे वळू. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या देवळात आणि परसात ती आजही आहे. कोंकणी बोलणारे आमचे बांधव तिला ‘बांय’ म्हणतात आणि तिच्या पाण्याला ‘उदक’. मराठीत उदक शब्द पूजेपुरता उरला. त्यांच्या घरी तो रोजच्या तहानेचा आहे.

निपाणीकडचा प्रदेश काळ्या पाषाणाचा. हा अग्निजन्य खडक मुळात पाणी धरीत नाही. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या वरच्या थरात जे साठेल तेवढेच. म्हणून तेथे एका शेतात विहिरीस भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडे कोरडा खडक लागतो. बेळगाव शहराच्या पुष्कळ भागात मात्र वर जांभा दगड आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झरझर खाली उतरते आणि तळाच्या चिकणमातीवर अडून राहते. जुन्या बेळगावातील घरोघरच्या विहिरी याच साठ्यावर जगल्या. आषाढ-श्रावणात हात घालून पाणी घ्यावे इतक्या त्या भरतात आणि चैत्र-वैशाखात दोर पुरत नाही. परंतु जो दगड पावसाचे पाणी इतक्या सहज खाली जाऊ देतो, तो शोषखड्ड्याचे पाणीही तितक्याच सहज जाऊ देतो. जांभ्यास शुद्ध आणि अशुद्ध यांचा विवेक नाही. हा एक मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याच्या व्यवस्थेची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर होती. टिळकवाडीच्या बाजूस उभारलेल्या त्या नगरास विजयनगर असे नाव दिले होते. हजारो माणसे येणार, त्यांना पाणी कोठून द्यावयाचे? म्हणून तेथे एक विहीर खणण्यात आली आणि विजयनगरास शोभेल असे ‘पंपासरोवर’ हे नाव तिला मिळाले. लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. भाषणे वर्तमानपत्रांत राहिली, मंडप उतरला, विहीर मात्र राहिली. सभेचा इतिहास लिहिणारे तिचा उल्लेख एका ओळीत उरकतात. आम्हांस ती त्या अधिवेशनातील महत्त्वाच्या ठरावांइतकीच बोलकी वाटते.

याच परिसरातील बेलगुंदी हे काका कालेलकरांचे गाव. तेथून वाहणाऱ्या मार्कंडेयीस त्यांनी आपल्या लेखनात बालपणीची सखी मानले. ही नदी पुढे गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. तिच्यावरील राकसकोप जलाशयाचे पाणी १९६० च्या दशकापासून बेळगाव पीत आले आणि शहर वाढल्यावर घटप्रभेवरील हिडकल जलाशयाचेही पाणी आणावे लागले. हिडकलच्या पाण्याखाली हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे. जलाशय भरला की देऊळ दिसेनासे होते. पाणी ओसरले की कळस वर येतो आणि भाविक दर्शनास जातात. देवाचे दर्शन झाले की समजावे, धरणात पाणी कमी आहे! कृष्णाकाठी नृसिंहवाडीस याच्या उलट प्रकार. तेथे पुराचे पाणी देवालयात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा लोक त्या दक्षिणद्वारी स्नानाची पर्वणी साधतात. नदीच्या पातळीची मोजपट्टी आपल्या लोकांनी देवळातच बसविली आहे असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्गावर आले, तेव्हा साऱ्या देशास पाण्याची पातळी कळली. वाडीच्या पुजाऱ्यांस ती आधीच कळली असावी.

राहिला तिसरा प्रश्न, पाणी पिण्याजोगे आहे की नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची हेळसांड केली असे नाही. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालण्याची चाल सुश्रुताइतकी जुनी आहे आणि त्याने गाळ खरोखर तळाशी बसतो, हे रसायनशास्त्रासही मान्य आहे. परंतु निवळलेले पाणी आणि निर्जंतुक पाणी एक नव्हे. कॉलऱ्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात आढळले. ते पाणी तेथील लोक पीत होते, त्यातच स्नान करीत होते. डोळ्यांना जे निर्मळ दिसते ते मारक असू शकते, ही गोष्ट तेव्हापासून नाकारता येईनाशी झाली.

येथे काही वाचक अर्नेस्ट हँकिन यांचे नाव घेतील. १८९६ साली त्यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे दाखविले. जंतूंना खाणाऱ्या सूक्ष्म विषाणूंचा शोध पुढे लागला आणि १९१७ साली द’हेरेल यांनी त्यांना नाव दिले. हे सर्व खरे आहे. पण एका रोगाच्या जंतूवर झालेल्या प्रयोगाच्या आधारे प्रत्येक तीर्थाचे पाणी सदैव शुद्धच असते असे प्रवचनांतून सांगितले जाते, ते हँकिन यांनी सांगितलेले नाही. बेळगावचे सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला मार्कंडेयीस मिळतो, त्यास हा दाखला लावता येईल काय?

नळ आला म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी येथील काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडात अमेरिकेतील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासले व निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. काही दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठेतील जंतू सापडले; अखंड वाहणाऱ्या नळाच्या नमुन्यांत ते एक टक्क्याहूनही कमी ठिकाणी होते. कारण साधे आहे. नळ रिकामा झाला की त्यातील दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरते.

आणि पाण्याच्या वाट्याचे काय? खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे माउली देवीच्या सान्निध्यात मलप्रभा उगम पावते आणि कृष्णेमार्गे पूर्व समुद्रास जाते. त्याच तालुक्याच्या रानात म्हादई उगम पावून गोव्याकडे उतरते. डोंगराच्या एका धारेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे निसर्गाने केले. माणसांनी तिसरा हिशेब मांडला. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आमचे मराठी वाचक बहुतेक घाटावर, कोंकणी वाचक बहुतेक घाटाखाली. तेव्हा या अंकाच्या दोन्ही अर्ध्यांत या विषयावर एकमत होईल अशी आशा आम्ही धरीत नाही. एवढेच म्हणतो की घनफुटांच्या या वादात पाण्याच्या शुद्धतेबद्दल क्वचितच कोणी बोलते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका देवळाच्या विहिरीचे पाणी तपासणीस पाठविण्याचा विषय निघाला तेव्हा विश्वस्तांपैकी एक वृद्ध गृहस्थ संतापले. देवाच्या विहिरीची परीक्षा घेणारे तुम्ही कोण, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर बाटली गेली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जंतू एकही सापडता कामा नये. येथे ते सापडले. शेजारच्या नव्या इमारतीचा शोषखड्डा विहिरीपासून पंचवीस पावलांवर होता, आणि मध्ये जांभा. ते गृहस्थ अहवाल दोनदा वाचून बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीच तो शोषखड्डा हलविण्यासाठी घरमालकाकडे चार खेपा घातल्या. खड्डा हलला, विहीर उपसली, कठडा वर उचलून बांधला. अभिषेकास पाणी त्याच विहिरीचे घेतात. भाविकांच्या हातावर पडणारे तीर्थ मात्र आता उकळून गार केलेल्या पाण्याचे असते, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकेक बाटली तपासणीस जाते. ती नेण्याचे काम त्या गृहस्थांनी अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाकडे सोपविले नाही.