मोडलेले हाड आणि सूज

वसईचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७३९ साली फेब्रुवारीपासून मेपर्यंत चिमाजी अप्पांच्या फौजेने या किल्ल्याशी झुंज घेतली. सुरुंग उडाले, तटाला शिड्या लागल्या, अखेर किल्ला पडला. ही हकीकत आपल्याला पाठ असते. पण तुटल्या तटाखाली ज्यांचे हातपाय मोडले, त्या गड्यांचे पुढे काय झाले, हे बखरी सांगत नाहीत. बखरकाराला विजय हवा असतो. मोडलेल्या नडगीत त्याला काय रस?

त्या काळच्या वैद्याच्या पाठीशी मात्र फार जुनी विद्या होती. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. हाड ताणून जागेवर आणावे, वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून बांधावे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाचव्या दिवशी आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बदलावी. म्हणजे वसईच्या वेढ्यातल्या चैत्र-वैशाखात तिसऱ्या दिवशी! छावणीत हे कितपत साधले असेल, कोण जाणे. पण त्याहून मोलाची सूचना पुढे आहे. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही; फार आवळली तर सूज, ठणका आणि पू होतो. सुजेला जागा ठेवून बांधणे, हीच खरी हातोटी.

ही सूज आहे तरी काय? रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात तिची चार लक्षणे दिली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पण ती शत्रू की मित्र, हा वाद पुढे कित्येक शतके रेंगाळला. वसई पडल्यानंतर बावीस वर्षांनी, १७६१ साली, इंग्रजांनी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे बेल-ईल बेट वेढा घालून घेतले. त्या फौजेत जॉन हंटर नावाचा शल्यवैद्य होता. गोळीच्या जखमा सरसकट चिरून रुंद करण्याची तेव्हा रीत होती. ज्यांना हे उपचार मिळालेच नाहीत, असे काही जखमी फ्रेंच शिपाई तरीही बरे झालेले त्याने पाहिले. रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७९४ साली, प्रसिद्ध झाला. दाह हा स्वतः रोग नव्हे, शरीराने सुरू केलेली दुरुस्ती आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

आज सूक्ष्मदर्शकाने त्याचे म्हणणे बरेचसे खरे ठरवले आहे. हाड मोडले की तेथे रक्त साकळते. पांढऱ्या पेशी धावून येतात, मेलेले कण गिळतात आणि रासायनिक निरोप धाडून हाड घडवणाऱ्या पेशींना बोलावतात, अगदी सवाष्णींना बोलावणे धाडावे तसे म्हणा ना. पहिल्या दोन-तीन दिवसांत ही धामधूम शिगेला पोचते आणि आठवड्याभरात ओसरू लागते. पुढे कुर्चेचा मऊ सांधा, मग कठीण हाड. हे निरोप पोचवणारा एखादा दुवाच ज्यांच्यात नव्हता, अशा उंदरांची हाडे उशिरा जुळली. जळते ते सारे विझवावेच असे नव्हे!

मात्र म्हणून सुजेची आरती करू नये. ती लांबली, जंतू शिरले, की तीच घात करते. आपल्या भागात माडावरून, ताडावरून पडण्याचे अपघात नवे नाहीत. मोडलेल्या जागी जोराने चोळून वर घट्ट पट्टी आवळली, तर आतली सूज वाढते, रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही तासांत हात वाया जाऊ शकतो. बोटे गार पडली, बधिर झाली, काळी-निळी दिसू लागली, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सैल करून इस्पितळ गाठावे. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. काही जातींच्या गोळ्या दाहच दाबतात. त्या किती दिवस घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे, शेजाऱ्याला नव्हे.

सुश्रुताचा एक हिशेब जाता जाता सांगतो. तरुणपणी हाड महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात दोन महिन्यांत, उतारवयात तीन. अलीकडच्या संशोधनात दिसते, की वय वाढले म्हणजे त्या गिळणाऱ्या पेशींची धामधूम वेळेवर थांबत नाही आणि पुढचे बांधकाम अडून राहते.